ना हरकत

मराठीच्या प्राध्यापकाला समाजात फारसा भाव नसतो, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मुकाट्याने मान्य केले आहे. परंतु एका बाबतीत मात्र त्याच्यावाचून कुणाचे चालत नाही. अर्ज लिहायचा असला, की साऱ्या गल्लीला त्याची आठवण होते. लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्या साहेबांचे मानपत्र, नळाला पाणी येत नाही म्हणून द्यायचे निवेदन, हे सारे ओघाने त्याच्याकडेच येते. राजारामपुरीतल्या आमच्या सात मजली इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची निवडणूक झाली, तेव्हा "सरांचं मराठी चांगलं आहे" या एवढ्याच गुणावर मी बिनविरोध सचिव झालो. शुद्धलेखनाच्या जोरावर माणूस सत्तेवर येऊ शकतो, याचे महाराष्ट्रातले हे बहुधा एकमेव उदाहरण असावे!

मावळत्या सचिवांनी मोठ्या समाधानाने फायलींचा एक गठ्ठा माझ्या स्वाधीन केला. त्यात सर्वांत वरती एक तांबडी फाईल होती. तिच्या पहिल्याच पानावर, महापालिकेच्या शिक्क्याखाली, दोन शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते : 'ना हरकत'. आता शब्द दिसला, की तो उलटसुलट करून पाहायचा, ही आम्हां भाषेच्या माणसांची खोडच. मी बाकीची फाईल बाजूला ठेवली आणि त्या दोन शब्दांतच अडकून बसलो.

'हरकत' हा मूळचा अरबी शब्द. तिकडे त्याचा अर्थ हालचाल, चलन. फारसीच्या हाताला धरून तो आपल्याकडे आला आणि इथे येऊन त्याने आपला स्वभावच पालटला. जो शब्द हलण्याचा होता, तो अडवण्याचा झाला. आपल्या गवयांनी मात्र मूळ अर्थाची बूज राखली. गवई गाता गाता एका सुरावरून दुसऱ्यावर झरकन एखादी लकेर घेऊन जातो, तिला आपण हरकतच म्हणतो. मौज अशी, की गवई हरकत घेतो आणि सभासदही हरकत घेतो. क्रियापदसुद्धा तेच! पण पहिल्याला लोक 'वाहवा' म्हणतात आणि दुसऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात.

आणि 'ना हरकत' म्हणजे तरी काय? कचेरी तुम्हांला 'छान केलेत' असे म्हणत नाही. 'आता तुम्ही निर्धास्त झोपा' असेही म्हणत नाही. 'आज आम्ही पाहिले, तेव्हा आम्हांला हरकत घेण्याजोगे काही आढळले नाही,' एवढेच ती सांगते. आपण मात्र तो कागद घरी आणून देवाच्या तसबिरीसारखा फायलीत लावतो आणि त्याने आपले रक्षण केले पाहिजे अशी अपेक्षा धरतो.

हा कागद मिळतो कसा, ते मला त्या फाईलने शिकवले. इमारतीचा नकाशा मंजुरीला जातो. इमारत उंच असली, म्हणजे तो अग्निशमन विभागाच्याही नजरेखालून जावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबाने पंधरा मीटर उंचीपासून पुढची इमारत ही 'उंच' होय. बंबाची गाडी इमारतीच्या चहूबाजूंनी फिरेल का, जिना किती रुंद आहे, आगीसाठी राखून ठेवायचे पाणी किती, ते वर चढवायला पंप कोणता, हे सारे पाहून मग तात्पुरती ना हरकत मिळते. तिच्यात अटींची लांबलचक यादी असते. त्या अटींप्रमाणे नळ, पंप, टाक्या बसवायच्या. त्याही कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून बसवायच्या नाहीत, तर राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने परवाना दिलेल्या संस्थेकडूनच. तिने 'काम नियमाप्रमाणे केले' असे 'फॉर्म ए'वर लिहून द्यायचे. मग अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहणार, अंतिम ना हरकत देणार आणि त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र मिळणार. मग कुठे तुमच्या दारावर आंब्याचे तोरण चढते.

इथपर्यंत आमची फाईल अगदी नीटनेटकी होती. प्रत्येक कागद जागच्या जागी. अकरा वर्षांपूर्वीच्या अंतिम दाखल्यापर्यंत मी वाचत आलो आणि पान उलटले, तो पुढे फक्त फाईलचा पुठ्ठा!

तुम्ही म्हणाल, मग आणखी काय हवे होते? मलाही कायदा वाचेपर्यंत तसेच वाटण्याजोगे होते. पण 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे आणि त्याचे म्हणणे निराळे आहे. यंत्रणा बसवली म्हणजे काम संपले असे तो मानत नाही. परवानाधारक संस्थेकडून ती तपासून घेऊन, ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा. याचे नाव 'फॉर्म बी'. आणि ही जबाबदारी कुणाची? महापालिकेची नव्हे, बांधणाऱ्या बिल्डरची तर नव्हेच. मालकाची किंवा भोगवटादाराची. म्हणजे तुमची-माझी! 'भोगवटादार' हा शब्द मला तेव्हापासून फार आवडू लागला आहे. 'भोगणे' म्हणजे उपभोग घेणे आणि 'भोगणे' म्हणजे सोसणेही. कायदा करणाऱ्यांच्या मनात ते असो वा नसो, शब्द मात्र नेमका पडला आहे.

अकरा वर्षांत बावीस फॉर्म बी व्हायला हवे होते. एकही नव्हता. मी चौकशी करीत एका इसमाला फोन लावला. ते गृहस्थ फारच अगत्यशील निघाले. म्हणाले, "सर, जागेवर यायची काय गरज न्हाई. इमारतीचं नाव आणि मजले तेवढं सांगा. सही-शिक्क्याचा कागद उद्या घरपोच मिळंल."

"पण पंप चालतो की नाही, हे न बघताच?"

"पंप कशाला चालवायचा, सर? आग कुठं लागलीय?"

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून दिली आहे. पण बंब प्रत्यक्षात सोमेश्वरीही नाही, तो फक्त एका कागदावर आहे, अशा परिस्थितीला शोभेल अशी म्हण मराठीत अजून व्हायची आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या वॉचमनला बरोबर घेऊन मी तळघरापासून गच्चीपर्यंत इमारत पायी पालथी घातली. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक तांबडी, काचेच्या दाराची पेटी असते. तिच्यात पाण्याच्या नळीची गुंडाळी असावी अशी अपेक्षा. दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीत झाडू होते, तिसऱ्यावर रांगोळीचे डबे, चौथ्यावर कुणाच्या तरी पावसाळी चपला. तळघरात वाहने उभी असतात तिथे छताला बारीक तुषारनळ लावलेले असतात. त्यांच्या तोंडाशी तांबड्या द्रवाची एक इवलीशी काचेची नळी असते. भोवतालची हवा अडुसष्ट अंशांपर्यंत तापली, की ती आपोआप फुटते आणि पाणी सुटते. केवढी साधी आणि केवढी हुशार युक्ती! पण आमच्याकडे रंगाऱ्याने छताला चुना देताना त्या नळ्यांनाही मायेने दोन हात दिले होते. पंपावर गंज चढला होता. आणि गच्चीवरची आगीसाठी राखलेली टाकी? एका मे महिन्यात पाण्याची टंचाई असताना कुण्या प्लंबरने ती घरगुती नळाला जोडून दिली होती, ती तशीच होती. आगीच्या वाट्याचे पाणी आम्ही गेली कित्येक वर्षे आंघोळीला वापरीत होतो.

राहता राहिला जिना. त्यावर काय नव्हते ते विचारा! मुलांच्या सायकली, तुळशीच्या कुंड्या, एक रिकामे गॅस सिलिंडर, वजन कमी करण्याचे एक यंत्र — त्याचे स्वतःचे वजन मात्र भलतेच होते — आणि पाचव्या मजल्याच्या वळणावर एक ऐसपैस सोफा. हा सोफा आमच्या गुळाच्या व्यापाऱ्यांचा. घरात नवा आला, जुना टाकवेना, म्हणून तो जिन्यात येऊन राहिला होता.

जुलै २०२४ मध्ये मी सभा बोलावली. नळ दुरुस्त करणे, नवा पंप, नळ्या, विझवण्याची सिलिंडरे भरून घेणे, असा साडेतीन लाखांचा अंदाज मिळाला होता. अठ्ठावीस घरे, म्हणजे घरटी साडेबारा हजार. आकडा ऐकताच सभेत जी शांतता पसरली, ती मी वर्गात कधी अनुभवलेली नाही.

पहिल्यांदा बोलले ते बँकेतून निवृत्त झालेले आण्णा. "दाखला आहे ना आपल्याकडं? शिक्का आहे ना? मग झालं की!"

गुळाचे व्यापारी म्हणाले, "सर, कोल्हापूरला भ्या असतंय ते पाण्याचं. आगीचं काय घेऊन बसलासा?"

त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने शहराचे जे हाल केले, ते ज्याने पाहिले तो पाण्यालाच भिणार. गंमत म्हणजे त्या दोन्ही महापुरांत बोटी घेऊन लोकांना बाहेर काढायला जे धावले, त्यांत अग्निशमन दलाचे जवान होतेच. आगीसाठी नेमलेल्या माणसांना आम्ही ओळखले ते पुरात.

सभा अशीच इकडे तिकडे चालली होती. तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. काकू एकट्याच राहतात. वय सत्त्याहत्तर. दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा परदेशी. त्या सभेत सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "मला पैशांचं काही कळत नाही. मला एवढंच सांगा, की आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही असं खाली लिहिलंय. मग मी कुठून उतरायचं?"

कुणी काही बोलले नाही. शेवटी अध्यक्षांनी सर्वमान्य मराठी तोडगा काढला, "दिवाळीनंतर बघू."

आणि मग ८ ऑगस्टची ती रात्र आली.

कोल्हापूरकराला ती तारीख सांगायला नको. रात्रीचे जेवण आटोपून लोक अंथरुणाला टेकत होते, तोच फोन खणखणू लागले. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. खासबागेच्या दिशेचे आभाळ तांबडे झाले होते. भर श्रावणातले ते ओले, ढगाळ आभाळ, आणि खालून ती तांबडी झळाळी. काकू लिफ्टने वर आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "लग्न होऊन या गावात आले, तेव्हा मला पहिल्यांदा कुठं बाहेर नेलं असेल तर ते तिथं." पुढे त्यांना बोलवले नाही. साडेबारा हजारांवरून परवा हमरीतुमरीवर आलेली अठ्ठावीस घरची माणसे त्या गच्चीवर गप्प उभी होती.

ते नाट्यगृह आम्हांला काय होते, हे परगावच्या वाचकांना सांगायला हवे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. युरोपातली रंगमंदिरे आणि क्रीडांगणे त्यांच्या नजरेत भरली, आणि आपल्या गावात कुस्तीला खासबागेचे मैदान आणि त्याच्या शेजारीच नाटकाला 'पॅलेस थिएटर' अशी जोड त्यांनी उभी केली. थिएटर १९१५ मध्ये पुरे झाले. पैलवान आणि गवई यांना एका भिंतीचा शेजार देणारा दुसरा राजा माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे त्या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव दिले गेले. केशवराव कोल्हापूरचेच. १८९० चा जन्म. १९०८ मध्ये त्यांनी 'ललितकलादर्श' काढली, १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' गाजवले आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची जयंती ९ ऑगस्टला असते. जयंतीच्या आदल्या रात्री त्यांचे नाट्यगृह जळाले. सुदैवाने त्यात मनुष्यहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी गावातले रंगकर्मी त्या काळवंडलेल्या भिंतींसमोर जमले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना रडू आवरले नाही. नाट्यगृह पुन्हा उभारायचे काम पुढे हाती घेतले गेले, ही समाधानाची गोष्ट. आग कशी लागली, कुणाचे काय चुकले, याचा निवाडा करणे माझे काम नाही. ते ज्यांचे आहे त्यांनी करावे.

मी त्यानंतरच्या दिवसांत वाचनालयात बसून नाट्यगृहांच्या आगी वाचीत राहिलो. माणूस दुःखात असला, की असली वेडी वाचने करतो. नाटक आणि आग यांचे वैर फार जुने आहे. लाकडी रंगमंच, कापडी पडदे, वरती दिव्यांची रांग आणि अंधारात बसलेले शेकडो लोक. १८८१ च्या डिसेंबरात व्हिएन्नातल्या रिंग थिएटरात गॅसच्या दिव्यांमुळे आग लागून शेकडो माणसे गेली. १८८७ मध्ये इंग्लंडात एक्झिटरच्या थिएटरात दीडशेहून अधिक. त्यानंतर रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आगीला दाद न देणारा पडदा सोडण्याची सक्ती तिकडे झाली. १९०३ मध्ये शिकागोला इरोक्वा नावाचे नवेकोरे थिएटर जळाले आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याची जाहिरात 'याला आग लागणे अशक्य' अशी होती! तिथली कित्येक दारे बंद होती, कित्येक कशी उघडायची ते लोकांना कळेना. आज मोठ्या सभागृहांच्या दाराला जो आडवा दांडा असतो, की नुसते अंगाने रेटले तरी दार बाहेर उघडते, तो त्या आगीनंतर निघाला. सिनेमाची पहिली फिल्म तर भडकन पेटणारी. आपल्याकडचा १९१८ चा सिनेमाचा कायदा चित्रे तपासण्यासाठी जितका होता, तितकाच प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठीही होता. आणि इतके होऊनही १९९७ मध्ये दिल्लीच्या 'उपहार' सिनेमात एकोणसाठ माणसे गेली. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली. त्या बाळांचा विचार मनात आला, की माझे वाचन तिथेच थांबे.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपण म्हणतो. मी घरी येऊन ती तांबडी फाईल पुन्हा उघडली. आता तिच्यातली अटींची यादी मला निराळी दिसू लागली. 'दरवाजे बाहेरच्या बाजूस उघडावेत.' 'जिना सदैव मोकळा ठेवावा.' 'पाण्याचा साठा अन्य कामासाठी वापरू नये.' किती कोरडी वाक्ये! पण यांतले एकेक वाक्य म्हणजे कुणातरी पुढच्याला लागलेली ठेच होती. मागच्याने शहाणे व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि मला माझ्या आजीची आठवण झाली. माझे बालपण मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेले. लाकडी खांब, लाकडी माडी, अडगळीच्या खोलीत गोवऱ्या आणि सरपण. पेटायला एक ठिणगी पुरे. त्या वाड्याला कोणत्याही कचेरीचा दाखला नव्हता. होती फक्त आजी. रात्री सगळे निजले, की ती हातात कंदील घेऊन उठे. चुलीतले निखारे राखेखाली झाके. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात विस्तव उरला नाही ना, ते वाकून बघे. देवघरातल्या समईची वात मागे ओढी. उंबऱ्याशी पाण्याची भरलेली घागर ठेवी आणि मग निजे. थंडी असो, पाहुणे असोत, तिला ताप असो, यात खंड पडला नाही. आम्ही पोरे थट्टा करायचो, "आजी, रोज कशाला बघतेस गं? काल बघितलं होतंस की!" ती म्हणे, "कालचा इस्तव कालचा, बाबा. आज नवा पेटला नव्हं?"

फॉर्म बी मध्ये याहून निराळे काय लिहिलेले असते? कायद्याने वर्षातून दोनदा बघायला सांगितले आहे, ती रोज बघत होती, इतकाच काय तो फरक. आमच्या इमारतीत अठ्ठावीस स्वयंपाकघरे, त्याहून अधिक गॅसची सिलिंडरे, तितकीच वातानुकूलन यंत्रे आणि खाली रात्रभर वीज पीत उभ्या असलेल्या स्कूटरी. विस्तव किती तरी पटींनी वाढला. कंदील घेऊन उठणारे माणूस मात्र एकही उरले नाही.

ऑगस्ट संपायच्या आत सभा पुन्हा भरली. दिवाळीची वाट पाहायची कुणी सूचना केली नाही. ठराव मांडला आण्णांनी आणि त्याला अनुमोदन दिले गुळाच्या व्यापाऱ्यांनी. काम चार महिने चालले. जानेवारी २०२५ मध्ये तपासणीला एका परवानाधारक संस्थेकडून एक तरुण मुलगी आली. इंजिनिअर होती. तिने माझ्याकडे कागद मागितला नाही, पंपघराची किल्ली मागितली. मला तिथेच तिच्याविषयी आदर वाटला. तिने पंप सुरू केला, सातव्या मजल्यावरच्या नळाला नळी जोडली आणि तोंड गच्चीच्या पन्हाळीकडे करून चक्र फिरवले. क्षणभर नुसता हवेचा घुसघुस आवाज झाला, मग काळपट गंजाचे पाणी थुंकल्यासारखे आले आणि मग अशी काही धार सुटली, की धरणाऱ्या दोन जवान पोरांना पाय रोवून उभे राहावे लागले. मुलांनी आरडाओरडा करीत भिजून घेतले. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी त्या तांबड्या नळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थरथरतोय बघा." आमच्या इमारतीचा पहिलावहिला खरा फॉर्म बी असा झाला.

तरीही काकूंच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हतेच. ते मिळाले एप्रिलात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे स्फोटकांनी आणि कापसाने भरलेले जहाज पेटून फुटले. ते विझवताना साठाहून अधिक अग्निशामक जवानांचे प्राण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात आम्ही दलाच्या जवानांना सोसायटीत बोलावले. त्यांनी सिलिंडरची खीळ कशी ओढायची, धार ज्वाळेच्या शेंड्याला न मारता बुडाशी का मारायची, हे बायकांना आणि मुलांना हातात देऊन शिकवले. मग जमादार म्हणाले, "आता एखाद्या आजारी माणसाला खाली आणून दाखवा."

चार तरुणांनी काकूंना खुर्चीसकट उचलले. सातवा मजला उतरला, सहावाही उतरला. पाचव्याच्या वळणावर खुर्ची अडली. सोफा! तो इतक्या सभा होऊनही तिथेच होता. खुर्ची तिरकी करून पाहिली, काकूंना उठवून पाहिले, पोरे घामाघूम झाली. खाली पोचायला अकरा मिनिटे लागली. जमादारांनी घड्याळ पाहिले आणि ते काहीच बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती. गुळाचे व्यापारी जिन्यात उभे राहून हे सारे पाहत होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी दोन हमाल बोलावून तो सोफा खाली नेला. त्यावर त्यांनी अवाक्षर काढले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढच्या रविवारी पोरांनी आपण होऊन पुन्हा काकूंना उतरवले. चार मिनिटे! काकूंनी त्या चौघांना घरचे बेसनाचे लाडू दिले.

दिवाळी म्हणजे तर आगीचाच सण. पणत्या, फटाके, तेलाच्या कढया, आकाशकंदिलाच्या लोंबत्या वायरी. पहाटे अभ्यंगासाठी ज्यात पाणी तापे, त्या तांब्याच्या भांड्याला आपण बंब म्हणत आलो आणि आग विझवायला धावत येते त्या गाडीलाही बंबच म्हणतो. पोर्तुगीजांच्या भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात, तिथून हा शब्द आपल्याकडे आला. विस्तव पोटात बाळगणारा आणि विस्तव विझवणारा, दोघांनाही आपण एकच नाव दिले, आणि दोघांच्याही पोटात पाणी असते! त्या दोघांतला दुसरा कुणाच्या दारी न येवो, अशी प्रत्येकाची इच्छा असते. पण तो आलाच, तर त्याला आत शिरायला वाट हवी, आणि तो येईपर्यंत आपल्या नळाला पाणी हवे.

म्हणून एक विनंती. हा अंक वाचून झाला, फराळ पोटात गेला, की लिफ्टने न जाता एकदा आपल्या जिन्याने गच्चीपर्यंत चढून या. वाटेत काय काय लागते ते पाहा. तांबडी पेटी उघडा. आणि काही चुकीचे दिसले, तर शेजाऱ्यांची भीड न धरता हरकत घ्या. चारचौघांत ती घेणारा माणूस थोडा वेळ नकोसा होतो, हे मी अनुभवाने सांगतो. दाखल्यावर 'ना हरकत' लिहिणे ही कचेरीची गोष्ट झाली, घरात मात्र कुणीतरी हरकत घेणारे असावे लागते. आमच्याकडे आता ते काम मी एकटा करीत नाही. परवा कुणीतरी चौथ्या मजल्याच्या वळणावर जुनी कपाटाची फळी आणून ठेवली, तर मला कळण्याआधीच तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, "ही फळी आज रात्रीपर्यंत न्यावी." खाली सही गुळाच्या व्यापाऱ्यांची होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.